नळी, डबी आणि रंगनाथमामा

कुठल्याही नोकरीत किस्से साठतातच. मास्तर शाळेतले सांगतात, तलाठी सज्जावरचे सांगतो, आणि रिटायर झालेला कंडक्टर तर सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही. आमचे किस्से मात्र जरा जास्तच साठलेत. कारण ते कुठे सांगताच येत नाहीत! लग्नाच्या पंगतीत कुणी विचारतं, "काय सतीशराव, सध्या काय चालू आहे?" आता शेजारच्याच्या पानात नुकतीच बासुंदी वाढलेली असते. मी काय सांगणार? "चालू आहे आपलं," म्हणतो आणि वाटी पुढे करतो.

आज पंगत नाही, म्हणून सांगतो.

मी भोकरदनला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गेली तीन वर्षं दर गुरुवारी आम्ही आसपासच्या खेड्यांत जाऊन पन्नाशीपुढच्या लोकांची शौचाची तपासणी करतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. पण त्यातून कधी कधी थेंबभर रक्त झिरपतं, डोळ्याला न दिसणारं. ते या तपासणीत सापडतं. सापडलं म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. मूळव्याध असेल, साधी गाठ असेल. पण मग संभाजीनगरला जाऊन दुर्बिणीने आतून बघून घ्यायचं, एवढा एक नियम. वेळेत सापडलं तर माणूस वाचतो.

ही सगळी धडपड आमच्या डॉक्टर मॅडमची. लॅब त्यांचीच. तपासणीची नळी असते बोटाएवढी, झाकणालाच आत एक काडी. ती काडी चार-पाच ठिकाणी टोचायची, परत नळीत घालून झाकण घट्ट लावायचं, की झालं. ही नळी हातात घेऊन गावातून जायची लोकांना लाज वाटते, म्हणून मॅडमनी ती पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत घालून द्यायची पद्धत पाडली. डबीवर काही लिहिलेलं नाही. आत सुपारी आहे म्हटलं तरी चालेल.

आणि आमचे रंगनाथमामा! जीपचे ड्रायव्हर, लॅबचे अटेंडंट, बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या पेटीचे राखणदार. वय सत्तावन्न. घरात पूर्वी मेंढरं होती. लहानपणी वडिलांबरोबर मेंढरांमागे फिरून त्यांनी सगळा तालुका पायाखाली घातलेला. त्यामुळे कुठल्याही गावात जीप थांबली की मामांना ओळखणारं एक तरी म्हातारं माणूस निघतंच. मॅडमचं शास्त्र लोकांच्या गळी उतरवायचं काम त्यांचं.

*

पहिल्याच गावातली गोष्ट. मॅडम मारुतीच्या पारासमोर उभ्या राहून समजावून सांगत होत्या, "काडी एकाच जागी टोचायची नाही. वेगवेगळ्या चार-पाच ठिकाणी टोचायची."

एक जण म्हणाला, "एका जागी टोचलं तर काय बिघडलं? माल तर एकच हाय."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी मामांकडे बघितलं. मामा पुढे झाले.

"मोंढ्यात कापूस, मका घेऊन जाता का न्हाई? व्यापारी काय करतो? पोत्याच्या एकाच जागी हात घालतो का? वरून बघतो, मधून बघतो, बुडातून बघतो. मंग सांगतो माल कसाय. तसंच हे!"

सगळ्यांच्या माना हलल्या. एका वाक्यात गावाला समजलं. मॅडमनी तर ते वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात मागून एक म्हातारबा उठले. "रंगनाथ, आन् माल खराब निघाला तर?"

मामा म्हणाले, "तर नीट करून परत देतेत, आबा. मोंढ्यात आसं कोण करतं?"

*

तरीही लोक ते लोकच. एक जण दूधवाले. चार म्हशी, डेअरीचे जुने मेंबर. दुसऱ्या गुरुवारी ते आले ते मोटरसायकलवर, आणि मागे बांधलेलं झाकणाचं पाच लिटरचं कॅन! मला वाटलं, मॅडमसाठी दूध आणलं. मी पुढे होऊन कॅन घेतलं आणि झाकण उघडलं.

पुढचं सांगत नाही. मी तीन पावलं मागे गेलो, एवढं सांगतो.

"आवं काका, नळी दिली होती ना? काडीला लागेल तेवढंच पुरे होतं!"

ते म्हणाले, "साहेब, तीस वर्सं डेअरीला दूध घालून राह्यलो. सॅम्पल कोण काढतं? डेअरीवाला काढतो. कॅन हलवतो आन् सोता काढतो. आपणच आपलं सॅम्पल काढून न्यायचं आन् त्यांनी इश्वास ठेवायचा, हे बराबर दिसतं का?"

नळी त्यांनी कोरी करकरीत परत आणली होती. मग मामांनीच त्यांना बाजूला नेऊन, डेअरीचा नियम इथे कसा लागत नाही, ते समजावलं. ते कॅन पुन्हा दुधाला वापरलं की नाही, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

*

आमच्याकडे गावाहून तालुक्याला जेवणाचा डबा एसटीने येतो. बायको सकाळी डबा कंडक्टरच्या हवाली करते, नवरा भोकरदनच्या स्टँडवर उतरवून घेतो. वर्षानुवर्षं चालू आहे. एका गावच्या आशाताईंनी विचार केला, डबा येतो तर नळ्या का येणार नाहीत? त्यांनी सहा डब्या एका कापडी पिशवीत बांधल्या आणि दिल्या गाडीत.

मामा स्टँडवरून पिशवी घेऊन आले. उघडली तर आत पिठलं, दोन भाकरी, कांदा आणि मिरचीचा ठेचा!

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, तोच फोन वाजला. एका सरकारी कार्यालयातले क्लार्क बोलत होते. आवाज फार हळू.

"तुमची लॅब का? माझ्या डब्याच्या पिशवीत सहा डब्या निघाल्यात. तुमच्या आशाताईंनी चिठ्ठी टाकली म्हणून कळलं. मी त्यातली एक उघडली होती. लोणचं आहे असं वाटलं."

मी हजार वेळा माफी मागितली. "साहेब, पिशवी पाठवतो, डबाही पाठवतो." मागे वळून बघतो तर मामा अर्धी भाकरी संपवून ठेच्याला हात घालत होते. "म्हणलं, गार व्हायला नको," मामा म्हणाले.

अर्ध्या तासाने क्लार्क स्वतः आले. पिशवी टेबलावर ठेवली. उरलेल्या दीड भाकरीकडे बघितलं. शिव्या देतील म्हणून मी खाली मान घालून उभा.

"माझं वय बावन्न आहे," ते म्हणाले. "आता हात लागलाच आहे, तर मलाही एक नळी द्या."

*

चार भावांचा किस्सा तर मॅडम अजून डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये सांगतात. एकत्र कुटुंब, चौघेही पन्नाशीच्या पुढचे, एक चूल. चौघांनी चार डब्या नेल्या, वेळेवर चार नळ्या आणून दिल्या. असं शिस्तीचं घर आम्ही बघितलं नव्हतं.

चारही पॉझिटिव्ह!

मॅडमचा चेहरा उतरला. एकाच घरात चौघांना रक्त? काही आजार वंशात चालतात, हे खरं. त्यांनी चौघांना लॅबमध्ये बोलावलं, खुर्च्यांवर बसवलं आणि अगदी हळुवार सांगितलं की चौघांनाही संभाजीनगरला जावं लागेल.

धाकट्याने तिसऱ्याकडे बघितलं, तिसऱ्याने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

शेवटी धाकट्याच्या तोंडून निघालं. "मॅडम, चारीबी नळ्यात थोरल्या दादाचंच हाय."

"म्हणजे?"

"आमी चौघं एकाच ताटातलं खातो. म्हणलं, येगळं काय निघणार हाय!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, पण मग थोरल्यांचंच का? कुणीही एकानं द्यायचं होतं."

आता थोरले पहिल्यांदाच बोलले. फेटा सारखा केला आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात पयला मान थोरल्याचा आसतो."

चौघांच्या पुन्हा चार तपासण्या केल्या. तिघे निगेटिव्ह आले. थोरल्यांना दुर्बिणीला पाठवलं. आत फक्त मूळव्याध निघाली. घरी पेढे वाटले.

त्या दिवशी सगळ्यात जास्त खूश कोण झालं असेल, तर आमचे रंगनाथमामा. दिवसभर ज्याला त्याला सांगत होते, "बघा! म्हणलो नव्हतो? मूळव्याधच निघाली!"

मला ते तेव्हाच खटकलं होतं.

*

खटकायचं कारण असं. मामा जीप चालवताना सीटवर टॉवेलची जाड घडी घालून बसायचे. सहा-आठ महिने झाले होते. विचारलं की म्हणायचे, "मूळव्याध हाय. दुसरं काय?" कुठल्याशा झाडपाल्याची पूड घेत होते. कंबरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता.

लॅबच्या ड्रॉवरमध्ये त्यांच्या नावाची नळी पडून होती. मॅडमनी स्वतः दिलेली. एकदा तिची एक्स्पायरी उलटून गेली, मी नवी ठेवली. तीही तशीच. मॅडमनी आठवण केली की मामा म्हणायचे, "उद्या देतो." आणि जीप धुवायला जायचे.

आणि हेच मामा गावोगाव काय सांगायचे? कुणी का-कू केली की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मी सोता केल्ती तपासणी. निगेटिव! काय होतंय?"

लोकांना धीर यायचा. नळ्या पटापट भरून यायच्या. तालुक्यातला प्रत्येक रिपोर्ट माझ्या हाताखालून जातो. मामांचा कधी गेला नव्हता. मी गप्प बसत होतो, ही माझी चूक.

मामांचं हे बोलणं चाललं, ते गयाआक्का भेटेपर्यंत.

भोकरदनपासून अर्ध्या तासावर एक वाडी आहे. तिथे गयाआक्का राहते. पासष्टीची, एकटी, पाच शेळ्या. मामा मेंढरांमागे फिरायचे तेव्हापासून ती त्यांना ओळखते. तिने डबी घेतली, तिथल्या आशाताईंनी नळीवर तिच्या नावाचं स्टिकर लावून दिलं. पुढच्या गुरुवारी तिने डबी परत केली. जड लागली म्हणून मामांनी उघडली. आत काठोकाठ साखर!

"आक्का, हे काय? नळी कुठाय?"

"ही काय." तिने कनवटीची नळी काढून दिली. उघडलेलीसुद्धा नव्हती.

"आन् डबीत साखर काहून भरली?"

"मंग? दारात आलेली डबी रिकामी परत धाडतेत का कुठं? आईनं शिकवलं न्हाई का तुला?"

आम्ही हसलो. मॅडम तर खूपच हसल्या. मामांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. "आक्का, भेयाचं काम न्हाई. मी सोता केल्ती. निगेटिव आली."

गयाआक्का हसली नाही. तिने मामांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "किती वाळला रे तू, रंगनाथा. कागद दाखव."

"कायचा कागद?"

"तपासणी केली म्हणतो, तर कागद आसंलच की. तो दाखव, मंग मी देते. तवर ही डबी ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

आक्काला लिहितावाचता येत नाही. तरी कागदच पाहिजे! मामांनी डबी आणि नळी खिशात घातली. "पुढच्या गुरवारी आणतो," म्हणाले.

पुढच्या गुरुवारी, "इसरलो." त्याच्या पुढच्या गुरुवारी, "कपाटाची किल्ली सापडंना." गयाआक्का दारात उभी राहून हात पुढे करायची, आणि मामा जीपच्या चाकातली हवा बघायला वाकायचे.

*

मग एके दिवशी दुपारी लॅबमध्ये कुणी नसताना मामा माझ्या टेबलाशी आले.

"सतीश, एक काम करतो का?"

"बोला ना."

"एक कागद काढून दे. माझ्या नावाचा. निगेटिवचा. तुझ्याच हातात तर हाय मशीन."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. वीस वर्षं आम्ही एकत्र काम करतोय. मला सुई धरायला याच माणसाने शिकवलं. मी म्हणालो, "मामा, नळी द्या, कागद घ्या."

"आरं, म्हातारीसाठी मागून राह्यलो. तिनं तपासणी करावी म्हणून."

"नळी द्या, कागद घ्या."

ते समोरच्या स्टुलावर बसले. सावकाश, एका बाजूला कलून.

"माझ्या बापालाबी आसंच रगत जायचं," ते म्हणाले. "शेवटाला दवाखान्यात नेलं. कागद आला आन् पंधरा दिसात माणूस गेला. कागद यायच्या आधी चांगला मेंढरामागं चालत व्हता, सतीश."

"कागदानं नाही गेले ते, मामा. उशिरा नेलं म्हणून गेले. तुम्हीच सांगता ना लोकांना हे?"

"लोकांना सांगणं सोपं आसतं," मामा म्हणाले, आणि उठून गेले.

मला त्यांचा राग आला होता. त्याहून जास्त भीती वाटत होती. घरी गेल्यावर बायकोने विचारलं तर डोळ्यांत पाणीच आलं.

*

दोन दिवसांनी सकाळी ट्रेमध्ये एक नळी दिसली. स्टिकरवर गयाआक्काचं नाव. मी खूश! म्हणालो, "मामा, म्हातारीनं दिली की हो एकदाची!"

मामा पाठमोरे होते. फरशी पुसत होते. "व्हय. कुणीतरी आणून दिली," म्हणाले.

मी तपासणी लावली. पॉझिटिव्ह. पुन्हा लावली. पुन्हा पॉझिटिव्ह, आणि चांगलीच. मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, "गुरुवारची वाट बघायची नाही. आत्ता निघू."

अर्ध्या तासाचा रस्ता. त्या दिवशी मामांनी सव्वा तास लावला. एकदा चहाला थांबले. पुढे पुन्हा चहाला थांबले. मध्येच उतरून टायर बघून आले. मॅडम म्हणाल्या, "मामा, काय झालंय गाडीला?" मामा म्हणाले, "गाडी बराबर हाय."

गयाआक्का शेळ्यांना पाला टाकत होती. मॅडम तिच्याजवळ बाजेवर बसल्या, तिचा हात हातात घेतला. मी उभा. मामा दाराशी, थर्माकोलची रिकामी पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. पेटी आणायची काही गरजच नव्हती.

मॅडमनी शांतपणे सांगितलं. नळीत रक्त सापडलंय, घाबरायचं नाही, पण संभाजीनगरला जाऊन दुर्बिणीने बघावं लागेल, आम्ही बरोबर येऊ.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डाक्टरीनबाई, मी तर नळी देलीच न्हाई."

"अहो, तुमचं नाव आहे तिच्यावर."

"नाव आसंल. मी ती कोरीच वापस देल्ती, साखरेसंगट. ह्याच्या हातात." आणि तिने दाराकडे बोट केलं.

आम्ही सगळे मामांकडे वळलो. एक शेळी मध्येच ओरडली. मामांनी पेटी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली.

"मॅडम," ते म्हणाले, "साखर तेवढी आक्काची होती. बाकी माझं."

*

मॅडम त्यांना किती बोलल्या, ते इथे लिहीत नाही. दुसऱ्याच्या नावाने सॅम्पल देणं म्हणजे काय, आक्काच्या जिवाला काय घोर लागला असता, सगळं बोलल्या. मामा ऐकत होते. आपल्या नावाचा कागद न निघता काय ते कळावं आणि निगेटिव्ह आली तर कुणाला पत्ताही लागू नये, एवढाच त्यांचा हिशोब होता. पॉझिटिव्ह आल्यावर काय करायचं, ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. बोलून झाल्यावर मॅडमनी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले आणि तिथूनच संभाजीनगरला फोन लावला.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यातून प्यावं लागतं. ग्लासामागून ग्लास. संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो, तर मामा अंगणात भिंतीला टेकून बसलेले, आवाज पार खोल गेलेला.

"सतीश, तीन वर्सं साऱ्या तालुक्याची गोळा केली. आज आपली समदी सरकारजमा झाली!"

मी हसलो. मामीही हसल्या. मग मामी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्येच होतो. मॅडम मामांबरोबर गेलेल्या. लोकांचं रक्त काढत होतो, पण लक्ष सगळं फोनवर. दुपारी फोन आला. मामा स्वतः बोलत होते.

"सतीश, माल खराब निघाला रे."

मी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली.

"पर लई न्हाई. वीतभर जागा हाय, तेवढी कापून काढतेत. डॉक्टर म्हणले, टायमावर आला." मग म्हणाले, "नीट करून परत देऊन राह्यलेत."

मी फोन ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आत एक पेशंट हाताला पट्टा बांधून तसाच बसला होता, हेही विसरलो.

*

ऑपरेशन झालं. पुढच्या औषधांची गरज पडली नाही, दर थोड्या महिन्यांनी दाखवायला जायचं, एवढंच. दीड महिन्याने मामा लॅबमध्ये हजर झाले. मॅडमनी जीप चालवायची बंदी घातली होती, त्यामुळे गुरुवारी स्टिअरिंगवर मी आणि शेजारी मामा. "गेर बदल. आता बदल. आरं, बदल की!" असं करत आम्ही वाडीवर पोहोचलो. सीटवर टॉवेल नव्हता.

गयाआक्का दारातच उभी होती. मामा खाली उतरले, सावकाश चालत तिच्यासमोर गेले. खिशातून तिची ती पांढरी डबी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

आक्काने डबी घेतली. हातावर तोलली. कानाशी नेऊन हलवून बघितली. वाजली नाही. मग झाकण काढलं.

आत बारीक घड्या घातलेला कागद होता.

तिने तो एकेक घडी करून उलगडला. उन्हाकडे धरला. कागद उलटा होता, लॅबचं नाव खाली आलं होतं. पण तिला कुणी तसं सांगितलं नाही. ती वरपासून खालपर्यंत बघत गेली. मॅडम जीपमधून बघत होत्या. मी इंजिन बंद केलं.

"निगेटिव न्हाई, आक्का," मामा म्हणाले. "तवा मी खोटं बोलल्तो."

आक्काने कागद त्याच घड्यांवर पुन्हा मिटला, डबीत ठेवला, झाकण लावलं आणि डबी कनवटीला खोचली.

"बराबर हाय," ती म्हणाली. मग हात पुढे केला. "आता माझी नळी दे."